गहू बंद

पंडितला गहू बंद करा, असं धरणाच्या कॅम्पावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याच्या बायकोला, सारजाबाईला, वाटलं आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली. बंद करायचं ते वांगं, तिखट, तेलकट. गहू कोण बंद करतं? आजारी माणूस उठून बसलं की त्याला पहिली मऊ चपाती देतात. पाहुण्याला देतात, जावयाला देतात. भाकरी वाढली म्हणून रुसलेला जावई तिनं पाहिला होता, पण चपाती वाढली म्हणून आजारी पडलेला माणूस तिनं काय, तिच्या आजीनंही पाहिला नव्हता.

"गहू म्हंजी... आपला हाच गहू?" तिनं विचारलं.

"हाच," डॉक्टर कादरी म्हणाले. "लाल, पांढरा, देशी, परदेशी. एक दाणासुद्धा नको. दोन महिने."

पंडित बाकावर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्यात बोलायला राहिलंच नव्हतं. सव्वा वर्षापूर्वी येलदरीच्या धरणावर तो मुकादम म्हणून लागला, तेव्हा पोतं पाठीवर टाकून चढण चढायचा. आता वीस माणसांची हजेरी घेईपर्यंत दोनदा आडोशाला पळायचा. पोट ढोलासारखं आणि हातपाय काटक्या. ओवा झाला, बेलफळ झालं, मारुतीचा अंगारा झाला. ताडकळसच्या बाजारातला एक वैद्य होता, त्याच्या काळ्या गोळ्यांनी तर आठ दिवस अंथरुणातच काढले.

हे दुखणं आलं कुठून, हे कुणाला कळत नव्हतं. गावी, वालूरला असताना असं कधी झालं नव्हतं. तिथं थोरला दीर शेती बघायचा, घरात बारा महिने ज्वारीची भाकरी आणि सणासुदीला तेवढा गहू. कॅम्पावर आल्यावर उलटं झालं. रेशनच्या दुकानात बाहेरदेशाहून आलेला लाल गहू पोत्यांनी पडलेला असायचा आणि ज्वारी महिन्यातनं एकदा यायची, ती दुपारच्या आत संपायची. पहिले दोन महिने सारजाबाईला मोठी ऐट वाटली. रोज चपात्या! वालूरला गेल्यावर जावेला तिनं सांगितलंही होतं, आमच्याकडं रोजच दिवाळी हाय म्हणून. आता ते आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

डॉक्टर कादरी हैदराबादचे. तिशीच्या आतबाहेरचा, चष्मेवाला माणूस. मराठी बरी बोलायचे, पण चिडले की उर्दूत जायचे. पहिल्या खेपेला त्यांनी पंडितची नाडी पाहिली, पोट दाबलं, पापण्या उलटून पाहिल्या, आणि मग असं काही सांगितलं की पंडित लाजेनं भिंतीकडं तोंड करून बसला. तीन दिवसांची त्याची सगळी विष्ठा डब्यात धरून आणायची होती. सगळी. थेंबभर वाया घालवायची नाही.

ते कुणी करायचं? सारजाबाईनंच. वनस्पती तुपाचा रिकामा डबा तिनं राखेनं घासला, त्यावर झाकण बसवलं, झाकणावर फडकं बांधलं, आणि तिसऱ्या दिवशी तो डबा टोपलीत ठेवून, डोक्यावर घेऊन साऱ्या कॅम्पामधून दवाखान्याकडं निघाली. वाटेत शेजारची कडूबाई भेटलीच.

"तूप कढवलं की काय गं, सारजे? एवढं झाकून नेयलीस कुणाला?"

"डॉक्टरला," सारजाबाई म्हणाली आणि थांबली नाही.

त्या डब्यातलं काहीतरी हैदराबादला गेलं, महिन्यानं कागद आला, आणि त्या कागदावरून डॉक्टर म्हणाले की ह्याच्या पोटात खाल्लेलं तेलतूप जिरतच नाही, तसंच बाहेर पडतं. एक बिमारी असते. सिलिॲक म्हणतात तिला. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, काही लोकांच्या आतड्याला तो जाळतो. विलायतेकडच्या डॉक्टरांनी आत्ता कुठं हे शोधून काढलंय.

"तुमी असं कुणाला बरं केलंय का?" सारजाबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "नाही, बाई. मी फक्त वाचलंय. म्हणून तर करून बघायचं. दोन महिने गहू बंद. रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत, पाव-बिस्कुट नाही. वजन वाढलं तर समजायचं."

हे सांगायला डॉक्टरला एवढासा वेळ लागला. करायला सारजाबाई होती.

दिराला निरोप गेला, वालूरहून ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर चढून आलं. पण घरात जातं एकच, आणि त्यावर सव्वा वर्ष गहू दळलेला. तिनं जात्याची वरची तळी उचलून दोन्ही तळ्या पाण्यानं धुतल्या, खाचांतलं जुनं पीठ काडीनं कोरलं, वर मूठ मूठ ज्वारी दळून टाकून दिली. गहू पूर्ण बंद करावा तर तेही जमेना. सासूच्या, धुरपताबाईच्या, तोंडात पुढचे दोन दात सोडले तर काही उरलं नव्हतं. भाकरी चावायची नाही, चपातीच लागायची. म्हणून मग गहू शेजारी कडूबाईच्या जात्यावर दळायचा, त्याचं पीठ वेगळ्या डब्यात, परात वेगळी, तवा वेगळा. आधी नवऱ्याच्या भाकरी, मग हात धुऊन सासूच्या चपात्या. एकदा चुकून सासूच्या तव्यावर भाकरी टाकली गेली, तर ती तिनं कुत्र्याला घातली आणि पुन्हा पीठ मळलं.

"एवढं सोवळं तर देवाला बी न्हाई करीत कुणी," कडूबाई दारातून म्हणाली.

"तू ये की मग, तू कर," सारजाबाई चुलीतनं धूर काढत म्हणाली.

बाहेर तर आणखी तऱ्हा. टोळीतल्या आश्रुबाच्या पोराचं बारसं झालं, पंडितनं जेवणाला नको म्हटलं, आश्रुबाला वाटलं मुकादमाला गर्व चढला. मारुतीच्या भंडाऱ्यात लापशी होती, ती पंडितनं कपाळाला लावून परत दिली, तर पुजाऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, प्रसादाला कामून नाकारतूस म्हणून. प्रत्येक ठिकाणी सारजाबाईनं पुढं होऊन तीच टकळी लावायची: अवं, डॉक्टरनं सांगितलंय, गहू चालत न्हाई. आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा हसून तेच म्हणायचा: गहू? गहू कसा चालत न्हाई?

दर सोमवारी दवाखान्यात वजन व्हायचं. पहिल्या सोमवारी काटा शहाण्णव रत्तलांवर, म्हणजे चव्वेचाळीस किलोंच्याही आत, थांबला. पुढच्या सोमवारी शहाण्णव. त्याच्या पुढच्या सोमवारी पंचाण्णव. संक्रांत आली तरी काटा त्याच दोन आकड्यांमध्ये डुलत राहिला, आणि पंडितचं आडोशाला पळणं थोडं कमी झालं म्हणावं तर तेवढंच.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी डॉक्टर कादरींनी हातातली पेन्सिल टेबलावर टाकली.

"बाई, तुमच्या घरात गहू चाललाय."

"न्हाई, साहेब."

"चाललाय! नाहीतर असं होणारच नाही. रवा?"

"न्हाई."

"शेवया? कुरडया? हॉटेलात पाव?" हे पंडितला.

पंडितनं मान हलवली. "चहा बी बिगर बिस्कुटाचा पितो, साहेब."

"हिंग?"

"हिंगात कुठला आलाय गहू?" सारजाबाईचा आवाज चढला.

"डबीतल्या हिंगात मैदा घालतात. खड्याचा घ्या."

रांगेत बसलेली दहा-बारा माणसं कान टवकारून ऐकत होती. सासूही सोबत आली होती, गुडघ्याला मलम घ्यायला. ती पदर सावरत म्हणाली, "काय की बाई. दळण-कांडण समदं हिच्याच हाती हाय."

सारजाबाईनं सासूकडं पाहिलं. पहाटे उठून दोनदा दळणाऱ्या, दोन तवे घासणाऱ्या, लोकांचे टोमणे ऐकणाऱ्या बाईला हे ऐकावं लागत होतं, आणि तेही जिच्यासाठी वेगळ्या चपात्या लाटायच्या तिच्याकडून. घरी आल्यावर तिनं हिंगाची डबी उकिरड्यावर फेकली. इतक्या जोरात फेकली की डबीचा टणत्कार कडूबाईच्या दारापर्यंत गेला. मग ती मिठाचा डबा, हळदीचा डबा, तिखटाचा डबा, एकेक उघडून बोटानं चाखत बसली. ह्यात असंल का? ह्यात? तिचं तिलाच हसू आलं आणि रडूही.

ही गोष्ट सोमवारची. गुरुवारी सकाळी ती नेहमीसारखी हंडा-कळशी घेऊन नळावर गेली. कॅम्पाचा नळ पहाटे सुटायचा, तिथं रांग लागायची, परत यायला चांगला तास जायचा. तोवर पंडित आवरून कामावर निघून गेलेला असायचा. पण त्या दिवशी नदीवरचा पंप बिघडला होता. बायका थोडा वेळ थांबल्या, पंपवाल्याला शिव्या दिल्या आणि पांगल्या. सारजाबाई रिकामा हंडा घेऊन परत आली.

चुलीपाशी सासू उकिडवी बसली होती. समोर पंडित. त्याच्या हातात काशाची वाटी, आणि वाटीतलं पांढरं, दाट, गरम काहीतरी तो फुंकून फुंकून पीत होता. वेलदोड्याचा वास खोलीभर पसरला होता.

"काय हाय हे?" सारजाबाईनं विचारलं.

पंडितची वाटी तोंडापाशीच थांबली. सासू चुलीतलं लाकूड उगीच पुढंमागं करू लागली.

"आत्याबाई, काय हाय ह्ये?"

"काय असायचंय? सत्त्व हाय. दुधात शिजवलेलं. दोन घोट."

"कशाचं सत्त्व?"

सासूनं चुलीत फुंकर घातली.

"कशाचं सत्त्व, आत्याबाई?"

"गव्हाचं," सासू म्हणाली.

सारजाबाई हंडा घेऊन तशीच उंबऱ्यात बसली. तिला वाटलं, आता आपण ओरडू. पण ओरडणं आलंच नाही. घशातून निघालं ते अगदी साध्या आवाजात निघालं. "कव्हापासून?"

"दिवाळी झाल्यापासून," पंडित हळूच म्हणाला.

म्हणजे पहिल्याच दिवसापासून. जातं धुतलं त्या दिवसापासून.

"डॉक्टरनं गहू बंद केलाय," सासू आता तावातावानं बोलू लागली, "सत्त्व म्हंजी गहू नव्हं. गहू तीन दिस भिजू घालायचा, कुटायचा, पिळायचा, चोथा फेकायचा, मग खाली बसतं ते सत्त्व. उन्हाळ्यात म्या ह्या हातानं केलंय. बाळंतिणीला देतेत, टायफाडवाल्याला देतेत. लेकरू वाळून कोळ झालंय माझं, आन म्या निस्ती भाकरी खाताना बगत बसू? तू घातलीस का त्याच्या तोंडात कदी ताकदीची वस्तू?"

"आन तुमी?" सारजाबाई नवऱ्याकडं वळली. "तुमाला सोमवारी डॉक्टरनं तोंडावर इचारलं."

"त्यानं सत्त्वाचं न्हाई इचारलं," पंडित म्हणाला. मग त्याची मान खाली गेली. "माय रोज उठून करती. हात कापतेत तिचे. न्हाई कसं म्हणावं, सारजे?"

"मला म्हणता येतं न्हाई!" आता मात्र सारजाबाईचा आवाज पत्र्यांना लागला. "कुत्र्याला भाकरी घातली म्या! तवा लागला म्हणून! आश्रुबाच्या बायकूनं दोन महिने तोंड फिरवलंय माह्यापसून! हिंग फेकला! दवाखान्यात समद्या लोकांम्होरं मला खोटं पाडलं, आन तुमी दोघं मायलेकरं तितंच बसला व्हता, पोटात सत्त्व घालून!"

कडूबाई दारात आली होती, ती न बोलता परत गेली. यावरूनच त्या आवाजाची कल्पना यावी.

सारजाबाईनं सत्त्वाचा डबा उचलला, पंडितच्या दंडाला धरलं, सासूला म्हणाली, "तुमी बी चला," आणि तिघं तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टर कादरींनी डबा उघडून पाहिला, बोटावर घेऊन चाखलं, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "या अल्लाह," ते म्हणाले. मग त्यांनी सारजाबाईकडं पाहिलं आणि तिनं त्यांच्याकडं. त्या कॅम्पावर त्या घटकेला त्या दोघांचं दुखणं कळणारं तिसरं माणूस नव्हतं.

"आजपासून पुन्हा मोजायचं," शेवटी ते म्हणाले. "दोन महिने."

पुन्हा दोन महिने. सत्त्वाचा डबा डॉक्टरांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पंडितची सकाळ आता सारजाबाईच्या नजरेखाली जाऊ लागली. पाण्याला ती त्याला बरोबर घेऊन जायची. मुकादम बायकांच्या रांगेत बायकोची कळशी धरून उभा राहायचा आणि बायका पदरात तोंड घालून हसायच्या. हसू दे, ती म्हणायची. सासू तिच्याशी बोलत नव्हती. चपाती खायची, ताट सरकवायची आणि भिंतीला सांगायची की भाकरीनं कुणी माणूस अंग धरलेला ऐकला नाही.

पण माणूस अंग धरू लागला. तिसऱ्या सोमवारी शंभर. पाचव्या सोमवारी एकशे पाच. पोट उतरलं, गालाची हाडं बुजली. एका रात्री तो सलग झोपला, आणि सकाळी सारजाबाईला वाटलं की काही बरंवाईट झालं की काय, म्हणून तिनं त्याला हलवून उठवलं. फाल्गुनात काटा एकशे अकरावर गेला. डॉक्टरांनी काट्यावर टिचकी मारून पुन्हा पाहिलं. सारजाबाईला वाटलं, सुटलो.

"आता," डॉक्टर म्हणाले, "ह्याला गहू द्यायचा."

तिला वाटलं थट्टा करतायत.

"आठ दिवस. रोज तीन चपात्या."

"साहेब, तुमाला याड लागलंय का?" ती म्हणाली. रांगेतला एकजण हसला. "म्या मरमर करून पंधरा रत्तल मांस चढवलं, आन तुमी ते उतरवायला सांगताय?"

"सबूत पाहिजे, बाई."

"ह्यो न्हाई का सबूत? हिथं बसलाय की!"

"थंडीत भूक वाढते. विश्रांतीनं वजन वाढतं. उद्या कुणी विचारलं, गव्हामुळंच कशावरून, तर मी काय सांगू? गहू काढला, बरा झाला. गहू दिला, बिघडला. मग गहूच. तेव्हाच मला कागदावर सही करता येईल, आणि रेशनचे लोक गव्हाऐवजी ज्वारी देतील. वालूरची पोती किती दिवस पुरवणार आहात?"

शेवटचं बोलणं खरं होतं, म्हणून तिला आणखीनच राग आला. दिराचं शेवटचं पोतं निम्म्यावर आलं होतं. तिनं पंडितकडं पाहिलं. पंडित म्हणाला, "आठ दिस तर हायेत. होळी बी हाय."

होळीचं नाव निघालं आणि धुरपताबाईच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचं बळ आलं. गुडघे विसरून तिनं पुरण वाटलं, कणीक तिंबली, आणि दोन महिन्यांनी सुनेशी पहिल्यांदा बोलली. "सरक तिकडं. आज म्या लाटते." पोळ्या पातळ, मऊ, टम्म फुगलेल्या. पंडितनं चार खाल्ल्या. धुरपताबाई त्याच्यासमोर बसून प्रत्येक घास मोजत होती, आणि तिच्या डोळ्यांत असा काही आनंद होता की सारजाबाई तिथं बसू शकली नाही. बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. सासू म्हणाली, "बग." तिसऱ्या दिवशी पंडित म्हणाला, पोट जड हाय. चौथ्या दिवशी हजेरी अर्धी टाकून घरी आला. पाचव्या दिवशी सहा वेळा गेला, आणि सातव्यांदा उठता उठता ओट्यावरच खाली बसला. ओठ पांढरे, घामानं सदरा चिकटलेला. सासू धावली. त्याला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालू लागली.

"माह्याच हातच्या पोळ्या," ती म्हणत होती. "माह्याच हातच्या."

सारजाबाईनं गेले दोन महिने ह्या घटकेसाठी कितीतरी वाक्यं साठवून ठेवली होती. भांडी घासताना, दळताना तिनं ती घोटून घोटून तयार केली होती. ती सगळी तिनं आता बोलून टाकली. म्या सांगत नव्हते का, दवाखान्यात मला कसं खोटं पाडलंत, दळण हिच्याच हाती म्हणालात, समदं. म्हातारी लेकाला वारा घालत ऐकत राहिली. बोलून झाल्यावर सारजाबाईला वाटलं होतं तसं काही बरं वाटलं नाही. तिनं मिठाचं पाणी केलं, नवऱ्याला पाजलं. मग सासूला म्हणाली, "उठा आता. पाठीला रग लागंल. म्या धरते."

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी गहू थांबवला आणि कागद लिहिला. इंग्रजीत, खाली सही, त्याखाली शिक्का. कॅम्पावरचं रेशनचं दुकान मुंजाजी चालवायचा. त्यानं तो कागद उजव्या बाजूनं पाहिला, डाव्या बाजूनं पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "ज्वारीच द्या म्हणून लिवलंय. देतो की. पण ह्या महिन्यात ज्वारीच आली न्हाई, बाई. गहू हाय. नेतीस का?"

सारजाबाई त्याला काय म्हणाली, ते कॅम्पावर पुढं बरेच दिवस सांगितलं जात होतं. अकराव्या दिवशी ज्वारीचा ट्रक आला तेव्हा मुंजाजीनं पहिलं माप पंडितच्या नावानं बाजूला काढून ठेवलं होतं, आणि त्यानंतर दर महिन्याला काढत राहिला.

चैत्र संपेपर्यंत पंडित पुन्हा धड झाला. त्याला पुन्हा कुणी गहू दिला नाही. कुणी आग्रह केलाच तर धुरपताबाईच पुढं व्हायची. कडूबाईच्या घरी लग्नाच्या पंगतीत एकानं त्याच्या पानात बळेच बुंदीबरोबर पुरी टाकली, तर म्हातारीनं ती उचलून वाढणाऱ्याच्या परातीत परत फेकली.

"गहू चालत न्हाई माह्या लेकाला," ती सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "एवढं साधं कळंना का तुमाला?"

बायकांच्या पंगतीत बसलेल्या सारजाबाईनं कपाळावर हात मारला आणि भात कालवायला घेतला.